जग एक की अनेक?

सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवतीही ग्रह फिरतात, हे १९९० च्या दशकापर्यंत कोणालाही दाखवून देता आले नव्हते. असे ग्रह असतील का, असल्यास त्यांवर कोणी राहत असेल का, आणि राहत असेल तर पापपुण्याशी, मोक्षाशी, ईश्वराच्या कृपेशी त्याचा संबंध काय, हे प्रश्न मात्र फार जुने आहेत. पुराव्याचा एक कणही हाती नसताना तत्त्वज्ञांनी आणि धर्मचिंतकांनी ते दोन हजार वर्षे लढवले. लढवताना बहुतेक पक्षांनी एक गोष्ट न तपासताच धरून ठेवली: जगे किती आहेत हे कळले की माणसाचे मोल आपोआप ठरेल. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता मिळाले आहे. दुसरा त्यावर मुळातच अवलंबून नव्हता, आणि या वादाचा इतिहास पाहिला की ते पुरेसे स्पष्ट होते.

ग्रीसमध्ये वादाच्या दोन्ही बाजू इ. स. पूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकांतच मांडल्या गेल्या. डेमॉक्रिटसचा परमाणुवाद पुढे नेणाऱ्या एपिक्युरसने हिरॉडोटस नावाच्या अनुयायाला लिहिलेल्या पत्रात म्हटले की परमाणू अनंत आहेत, एका जगाच्या घडणीत ते संपणार नाहीत, म्हणून जगेही अनंत असली पाहिजेत. काही या जगासारखी, काही वेगळी. त्या काळी जग म्हणजे मध्ये पृथ्वी आणि भोवती सूर्य, चंद्र, तारे अशी अख्खी रचना. त्यामुळे एपिक्युरसची इतर जगे पृथ्वीवरच्या माणसाला आकाशात दिसणारी नव्हतीच. त्याच्याआधी ॲरिस्टॉटलने याच्या नेमके उलट सिद्ध केले होते. मातीचा स्वभाव विश्वाच्या केंद्राकडे जाण्याचा, अग्नीचा केंद्रापासून दूर जाण्याचा. दुसरे जग असते तर तिथल्या मातीलाही या केंद्राकडे यावे लागले असते, म्हणजे स्वतःच्या केंद्रापासून वर उडावे लागले असते. हा विरोध टाळायचा तर जग एकच. गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने हा युक्तिवाद पुढे निकालात काढला, पण तो भाबडा नव्हता. पदार्थ का पडतात याविषयीच्या त्या काळच्या सर्वांत सुसंगत सिद्धान्तातून तो सरळ निघत होता.

एकेश्वरवादी धर्मांना हे शास्त्र सोयीचे होते आणि अडचणीचेही. ईश्वर एक म्हणून जगही एक, ही जुळणी सुबक होती आणि तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने तिचा आधार घेतला. पण ‘दुसरे जग असूच शकत नाही’ असे म्हटले की सर्वशक्तिमान ईश्वराच्या सामर्थ्यालाच सीमा पडते. हा पेच मुस्लिम विचारवंतांनी युरोपच्या आधी ओळखला. इ. स. १००० च्या सुमारास अल्-बेरूनीने, म्हणजे ज्याने पुढे भारताविषयीचा प्रख्यात ग्रंथ लिहिला त्याने, इब्न सिनाला ॲरिस्टॉटलच्या मतांवर प्रश्नांची मालिका पाठवली. दुसरी जगे अशक्य ठरवण्याचा आधार काय, हा त्यांतला एक प्रश्न होता. इब्न सिनाने ॲरिस्टॉटलची बाजू राखली. बेरूनीचे समाधान झाले नाही. १२१० मध्ये निधन पावलेल्या फख्रुद्दीन राझीने तर लिहिले की या जगापलीकडे अमर्याद पोकळी आहे आणि तीत हजारो हजार जगे निर्माण करणे ईश्वराला सहज शक्य आहे. ज्यू परंपरेत हस्दाई क्रेस्कासने १४१० च्या सुमारास जवळपास हीच भूमिका घेतली.

पॅरिसमध्ये हा पेच फर्मानाने सुटला. ७ मार्च १२७७ रोजी तिथले बिशप एतिएन ताँपिए यांनी २१९ विधाने निषिद्ध ठरवली. आदिकारणाला अनेक जगे निर्माण करता येत नाहीत, हे विधान त्यांत होते. अनेक जगे आहेत असे बिशपांचे म्हणणे नव्हते; ईश्वराला ती करता येणार नाहीत असे कोणी म्हणू नये, एवढीच त्यांची सक्ती होती. पण ‘शक्य आहे’ असे मानणे बंधनकारक झाल्यावर ते कसे शक्य आहे याचा विचार करणेही भाग पडले. त्या शतकाच्या अखेरीपासून विद्यापीठांत प्रत्येक जगाला स्वतःचे केंद्र असू शकेल, अशी मांडणी होऊ लागली आणि १३७७ मध्ये निकोल ओरेमने ती नेटाने केली. प्रत्यक्षात जग एकच आहे, असाच त्याचाही निष्कर्ष होता. परंतु ॲरिस्टॉटलचा पुरावा पुरावा राहिला नव्हता. धर्मसत्तेच्या बंदीने विचाराला वाट करून दिल्याची अशी उदाहरणे इतिहासात थोडी आहेत.

ख्रिस्ती धर्मापुढचा खरा कठीण प्रश्न यानंतर आला. या धर्माचा गाभा एका ऐतिहासिक घटनेत आहे: एका विशिष्ट काळी, एका विशिष्ट प्रांतात, ईश्वर मनुष्य झाला, क्रुसावर मेला आणि मानवजातीचे तारण झाले. दुसऱ्या जगांत बुद्धिमान जीव असतील तर त्यांचे काय? पंधराव्या शतकातील फ्रेंच फ्रान्सिस्कन धर्मपंडित गियोम द व्होरिलाँ याने हा प्रश्न सरळ विचारला. त्याचे उत्तरही विचारपूर्वक होते. ते जीव आदामाचे वंशज नाहीत, म्हणून आदामाचे पाप त्यांच्याकडे वारसाहक्काने जात नाही. ख्रिस्ताच्या या पृथ्वीवरील मृत्यूने अनंत जगांचेही तारण होऊ शकते. मात्र दुसऱ्या जगात जाऊन त्याने पुन्हा मरावे, हे उचित नाही. जवळपास त्याच काळात कुसाचा निकोलस, जो पुढे कार्डिनल झाला, १४४० मधील आपल्या ग्रंथात इतर ताऱ्यांवरही रहिवासी असतील असे लिहून गेला आणि चर्चने त्याबद्दल त्याला काहीही केले नाही. पुढे धर्मसुधारणेच्या काळात ल्यूथरचा सहकारी फिलिप मेलांक्थोन याने मात्र तोच धागा उलटा ओढला: ख्रिस्त एकदाच मेला आणि एकदाच उठला, म्हणून अनेक जगे मानू नयेत. एकाच श्रद्धेतून एकाने प्रश्न मोकळा ठेवला, दुसऱ्याने मिटवून टाकला. श्रद्धेवरून विश्वाची रचना ठरवण्याचा मेलांक्थोनचा मार्ग चुकीचा होता, हे आज म्हणता येते. व्होरिलाँने निदान विश्वाला आपल्या श्रद्धेपुढे हात जोडायला लावले नाहीत.

जोर्दानो ब्रूनोचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते, आणि ते घेतलेच पाहिजे. १५८४ मध्ये त्याने अनंत विश्व आणि त्यातील अगणित जगे यांवर संवादरूप ग्रंथ लिहिला. तारे म्हणजे दूरचे सूर्य, त्यांनाही ग्रह आहेत, आणि ते लहान व निस्तेज असल्यामुळे दिसत नाहीत, हे त्याचे म्हणणे शब्दशः खरे ठरले. १५९२ मध्ये त्याला व्हेनिसमध्ये अटक झाली आणि १७ फेब्रुवारी १६०० रोजी रोममध्ये जिवंत जाळण्यात आले. त्याला केवळ ग्रहांच्या मतासाठी जाळले, असे म्हणणे अपुरे आहे. ख्रिस्ताच्या देवत्वापासून युखारिस्त विधीपर्यंत अनेक बाबतींत त्याच्यावर पाखंडाचे आरोप होते. अनेक जगांचे मत त्या यादीत होते, पण एकटे नव्हते. तरीही विचारासाठी माणूस जाळणे हा गुन्हाच होता, आणि आरोपांची यादी लांब असल्याने तो सौम्य होत नाही. शिवाय ब्रूनोकडेही निरीक्षण नव्हते. अनंत ईश्वराची निर्मितीही अनंतच शोभते, हा त्याचा मूळ आधार धर्मशास्त्रीय होता.

ब्रूनोला जाळल्यानंतर दहा वर्षांनी गॅलिलिओने गुरूचे चार चंद्र शोधले, तेव्हा योहानेस केप्लरची पहिली भावना सुटकेची होती. नवे गोल दुसऱ्या एखाद्या ताऱ्याभोवती फिरताना सापडले असते तर ब्रूनोच्या अगणित जगांत आपण कैद झालो असतो, असे त्याने गॅलिलिओला लिहिले. सूर्य विश्वाच्या मध्यभागी आहे, त्याच्या ग्रहांच्या कक्षांना भूमितीतील पाच सुसम घनाकृतींची रचना आहे आणि ही रचना बुद्धिमान जीवाने पाहावी म्हणूनच केली आहे, ही केप्लरची गाढ धर्मश्रद्धा होती. ज्याच्या नावाच्या दुर्बिणीने पुढे अडीच हजारांहून अधिक बाह्यग्रह, म्हणजे इतर ताऱ्यांभोवतीचे ग्रह, शोधले, त्याला असा एकही ग्रह नको होता.

भारतीय परंपरांना हा पेच पडला नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बौद्धांच्या अंगुत्तर निकायात हजार चंद्र, हजार सूर्य, हजार मेरू असलेल्या लोकधातूंचे वर्णन आहे, आणि अशा हजारांचेही हजार गट मानले आहेत. जैनांच्या विश्वरचनेत द्वीप-समुद्रांची वलये एकाबाहेर एक अशी पसरत जातात आणि एकट्या जंबुद्वीपाला दोन सूर्य व दोन चंद्र आहेत. पुराणांत ब्रह्मांडे अगणित आहेत. भागवताने ती परमात्म्यात अणुरेणूंसारखी फिरताना दाखवली आहेत. योगवासिष्ठ तर याहून पुढे जाते. त्यातील लीलेच्या आख्यानात एका ब्राह्मणाच्या घरातल्या जागेत एक अख्खे राज्य, त्यातला राजा आणि त्याचे संपूर्ण आयुष्य मावते. विशालता आणि लहानपण ही मनाचीच मापे आहेत, असा त्याचा रोख आहे. महाराष्ट्रात ही कल्पना ग्रंथांपुरती राहिली नाही. ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ ही संतांच्या आणि देवांच्या जयजयकारातली बिरुदावली गावोगावच्या देवळांत आजही घुमते आणि ती ऐकताना कोणाचाही विश्वास डळमळत नाही.

या परंपरेचा सर्वांत तीक्ष्ण आविष्कार कृष्णदास कविराज यांच्या चैतन्यचरितामृत या बंगाली ग्रंथातील एका कथेत आहे. ब्रह्मदेव द्वारकेला कृष्णाच्या भेटीस येतो. द्वारपाल आत वर्दी देतो, तेव्हा कृष्ण विचारतो: कोणता ब्रह्मदेव? चतुर्मुख ब्रह्मदेव चकित होतो आणि सनकादिकांचा पिता आला आहे, असा निरोप पाठवतो. भेट होते. ‘कोणता’ या प्रश्नाचा अर्थ काय, असे तो विचारतो तेव्हा कृष्णाच्या स्मरणासरशी इतर ब्रह्मांडांचे ब्रह्मदेव तिथे येऊ लागतात. कोणाला दहा मुखे, कोणाला शंभर, कोणाला हजार, लाख. ज्याचे ब्रह्मांड जेवढे मोठे, तेवढी त्याची मुखे. चार मुखांचा ब्रह्मदेव त्या गर्दीत अगदीच क्षुद्र दिसतो. मात्र कृष्ण त्याला झिडकारत नाही; त्याची भेट झालेलीच असते आणि त्याच्या ब्रह्मांडाचा कारभार त्याच्याकडेच राहतो. जो केंद्रस्थानी नाही, जो मोठा नाही, जो एकमेवही नाही, त्याचाही ईश्वराशी संबंध पूर्ण असू शकतो, हे या कथेने जितक्या थेटपणे सांगितले आहे तितके क्वचितच कोणा धर्मशास्त्रीय निबंधाने सांगितले असेल.

भारतीय विचारात अवतार एकदाच होत नाही, काळ चक्राकार आहे आणि जीव लोकालोकांतून जन्म घेत फिरतो. म्हणून जगे वाढली तरी सिद्धान्ताला धक्का लागत नाही. पण यावरून माणसाचे वैशिष्ट्य या परंपरांनी सोडून दिले, असे मात्र नाही. जैन मतानुसार द्वीपे असंख्य असली तरी मनुष्य राहतात ते केवळ अडीच द्वीपांत, आणि त्यांतल्याही पंधरा कर्मभूमींतच मोक्षमार्ग चालता येतो. विष्णुपुराणात इतर वर्षे, म्हणजे भूभाग, भोगभूमी आहेत आणि भारतवर्ष ही कर्मभूमी आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या पहिल्याच दशकात एक संपूर्ण समास नरदेहाच्या स्तवनाला दिला. म्हणजे अगणित जगे आणि दुर्लभ मनुष्यजन्म या दोन गोष्टी इथे शतकानुशतके शेजारी नांदल्या. माणसाचे मोल त्याच्या विश्वातील स्थानावर नव्हे, तर तो काय करू शकतो यावर ठरले. बुद्धाने तर याहून एक पाऊल पुढे टाकले. जग अंतवान की अनंत, या मालुंक्यपुत्ताच्या प्रश्नाला उत्तर देण्याचे त्याने नाकारले, कारण उत्तर काहीही असले तरी दुःख आणि दुःखमुक्ती यांत फरक पडत नाही.

तरीही पुराणांनी बाह्यग्रह आधीच सांगितले होते, हा अलीकडे वरचेवर केला जाणारा दावा टिकणारा नाही. पुराणांतील लोक हे कर्मफळाचे स्तर आहेत, ताऱ्यांभोवती फिरणारे खडक आणि वायूंचे गोळे नव्हेत. मोजणीचे काम आणि धर्मग्रंथांचे काम वेगळे आहे, हे या भूमीतल्या ज्योतिर्विदांना नीट कळत होते. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी गोलाध्यायात जैनांच्या दोन सूर्यांचे मत खोडून काढले ते शास्त्रवचनाने नव्हे. ध्रुवाभोवतीच्या ताऱ्यांची रोजची फेरी डोळ्यांना दिसते, ती त्या मताशी जुळत नाही, या निरीक्षणाने. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद आहे. पुराणांना खगोलशास्त्र बनवू पाहणाऱ्यांनी आपल्याच मातीतला हा वारसा आधी वाचायला हवा.

युरोपात कोपर्निकसनंतर वारे फिरले. पृथ्वी हा एक ग्रह ठरल्यावर ग्रह याही पृथ्व्याच असतील, असे वाटणे स्वाभाविक होते, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अनेक जगांचे मत पाखंड न राहता सुशिक्षितांचा जवळपास सर्वमान्य समज झाला. १६८६ मध्ये फाँतनेलने ते एका अभिजात स्त्रीशी रात्री बागेत चाललेल्या संवादांतून लोकप्रिय केले. हायगेन्सचा याच विषयावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६९८ मध्ये निघाला. या सर्वांचा आधार एकच होता: ईश्वर व्यर्थ काही करत नाही, म्हणून इतके सूर्य ओसाड असणार नाहीत. विल्यम हर्शेलसारख्या थोर निरीक्षकाने १७९५ मध्ये सूर्यावरही वस्ती असल्याचे मत मांडले, यावरून हा समज किती खोल गेला होता ते कळते.

याच समजाचे शस्त्र करून थॉमस पेनने १७९४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर हल्ला चढवला. लाखो जगे सांभाळणाऱ्या ईश्वराने सगळी सोडून या एका जगात मरायला यावे काय, की प्रत्येक जगात तो पुन्हा पुन्हा मरत फिरतो, हा त्याचा सवाल होता. ग्लासगोचे धर्मोपदेशक थॉमस चामर्स यांनी १८१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवचनांत त्याला उत्तर दिले. दुर्बिणीने विश्व अफाट असल्याचे दाखवले त्याच काळात सूक्ष्मदर्शकाने पाण्याच्या थेंबातली जीवसृष्टी दाखवली. ज्याला दोन्हींची काळजी आहे त्याला मोठेपणामुळे लहानाचा विसर पडत नाही. हे उत्तर भावनिक नाही, तर्कशुद्ध आहे. मोठेपणावरून महत्त्व ठरते, हे पेनचे गृहीतकच चामर्स यांनी नाकारले.

या सगळ्या काळातला सर्वांत कणखर युक्तिवाद केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख विल्यम ह्यूएल यांचा आहे. १८५३ मध्ये त्यांनी निनावी ग्रंथ लिहून अनेक वसलेल्या जगांचे मतच उलथवले. भूगर्भशास्त्राने तोवर सिद्ध केले होते की पृथ्वीच्या प्रदीर्घ आयुष्यातला अगदी लहानसा तुकडाच मानवाच्या वाट्याला आला आहे. मग काळाच्या बाबतीत ईश्वराने इतका विस्तार माणसाविना राहू दिला, तर अवकाशाच्या बाबतीत तो तसाच का राहू देणार नाही? रिकामेपण म्हणजे उधळपट्टी नव्हे. गुरू, शनी यांच्याविषयी जे माहीत होते ते वापरून ते माणसासारख्या जीवांना राहण्याजोगे नाहीत, हेही त्यांनी दाखवले. डेव्हिड ब्रूस्टर यांनी पुढच्याच वर्षी त्यांना संतप्त उत्तर दिले आणि लोकमत ब्रूस्टर यांच्या बाजूने राहिले. ह्यूएल यांच्यामागेही धार्मिक चिंता होती, आणि ताऱ्यांना ग्रह असण्याबाबतच्या त्यांच्या शंका खोट्या ठरल्या. पण ‘असले पाहिजे’ यावरून ‘आहे’ असे म्हणता येत नाही, हा त्यांचा मुद्दा आजच्या शोधालाही तंतोतंत लागू आहे.

शोध इतका लांबला तो ग्रह फार निस्तेज असल्यामुळे. दृश्य प्रकाशात सूर्य पृथ्वीहून सुमारे एक हजार कोटी पट तेजस्वी आहे. दूरवरून पाहणाऱ्याला पृथ्वी त्याच्या झगमगाटात हरवूनच जाईल. म्हणून ग्रह न पाहता त्याचा ताऱ्यावरचा परिणाम पाहावा लागतो. असा पहिला नावाजलेला दावा भारतातून झाला. मद्रास वेधशाळेचे कॅप्टन विल्यम जेकब यांनी १८५५ मध्ये भुजंगधारी तारकासमूहातील ७० क्रमांकाच्या जोडताऱ्याच्या गतीत अनियमितता दाखवली आणि तिथे ग्रह असावा असे सुचवले. ते चुकीचे ठरले. १९६३ मध्ये पीटर व्हान द काम्प यांनी बर्नार्डच्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचे जाहीर केले. दहा वर्षांत तेही फोल ठरले.

यश मिळाले ते वर्णपटातून. ग्रह ताऱ्याला किंचित ओढतो, तारा पृथ्वीच्या दिशेने पुढेमागे हलतो आणि त्याच्या प्रकाशातील वर्णरेषा तितक्याच सरकतात. गुरूमुळे सूर्य सेकंदाला सुमारे १२ मीटर वेगाने हलतो, पृथ्वीमुळे अवघ्या ९ सेंटिमीटरने. १९९२ मध्ये एका मृत ताऱ्याच्या, म्हणजे पल्सारच्या, स्पंदनांवरून त्याच्याभोवतीचे ग्रह सापडले होते. ऑक्टोबर १९९५ मध्ये जिनिव्हाचे मिशेल मेयर आणि दिदिए क्वेलोझ यांनी पेगासस तारकासमूहातील ५१ क्रमांकाच्या, सूर्यासारख्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचे जाहीर केले. त्याबद्दल त्यांना २०१९ च्या नोबेल पारितोषिकातला अर्धा वाटा मिळाला. दुसरी पद्धत अधिक्रमणाची: ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो. पृथ्वीमुळे सूर्याचा प्रकाश दहा हजारांत एका भागापेक्षाही कमी घटेल. केप्लर दुर्बिणीने २००९ ते २०१८ या काळात याच पद्धतीने काम केले. सप्टेंबर २०२५ मध्ये निश्चित झालेल्या बाह्यग्रहांची संख्या ६,००० वर पोहोचली. आकाशगंगेत सरासरीने ताऱ्यामागे निदान एक ग्रह आहे, असे आता मानले जाते.

एपिक्युरस आणि ब्रूनो यांचा पक्ष जिंकला, असे यावरून वाटेल. पण जे सापडले ते कोणाच्याही अपेक्षेसारखे नव्हते. मेयर-क्वेलोझ यांचा ग्रह गुरूच्या निदान अर्ध्या वस्तुमानाचा आहे आणि बुधापेक्षाही कितीतरी जवळून, ४.२ दिवसांत ताऱ्याला फेरी घालतो. एवढा मोठा ग्रह ताऱ्याच्या इतक्या जवळ असू शकत नाही, असे त्या काळचे ग्रहनिर्मितीचे सिद्धान्त सांगत होते. सर्वाधिक आढळणारे ग्रह पृथ्वीहून मोठे आणि नेपच्यूनहून लहान आहेत. त्या आकाराचा एकही ग्रह सूर्यमालेत नाही. ट्रॅपिस्ट-१ या चाळीसेक प्रकाशवर्षे दूरच्या मंद ताऱ्याला खडकाळ वाटणारे सात ग्रह असल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले, तेव्हा वस्तीच्या आशा उंचावल्या. जेम्स वेब दुर्बिणीला त्यांतल्या सर्वांत आतल्या ग्रहावर दाट वातावरणाची खूण मिळाली नाही. सूर्यमाला हा विश्वाचा नमुना आहे, हे धार्मिक आणि निधर्मी दोघांनीही गृहीत धरले होते, आणि ते दोघांचेही कोसळले.

जीवसृष्टीबाबत तर अजून काहीच सिद्ध झालेले नाही. १२४ प्रकाशवर्षे दूरच्या के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात केंब्रिजचे निक्कू मधुसूदन आणि सहकाऱ्यांना २०२३ मध्ये मिथेन व कार्बन डायऑक्साइड आढळले. २०२५ मध्ये त्यांनी पृथ्वीवर मुख्यतः सागरी जीवांपासून निर्माण होणाऱ्या एका संयुगाची शक्यता मांडली. इतर संशोधकांनी तीच मोजमापे तपासून पुरावा अपुरा असल्याचे म्हटले. असा संयम मध्ययुगीन वादात दोन्ही बाजूंना साधला नव्हता.

आजचे धर्मचिंतन बहुधा व्होरिलाँच्याच वाटेने जात आहे. सी. एस. लुईस यांनी १९५८ च्या निबंधात प्रश्नांचा क्रम लावून दिला: पृथ्वीबाहेर जीव आहेत का, त्यांना विवेक आहे का, त्यांचे पतन झाले आहे का, झाले असल्यास त्यांना तारण नाकारले आहे असे कशावरून, आणि तारणाचा मार्ग एकच असतो असे कशावरून. पहिल्याच पायरीवर ज्ञान थांबलेले असताना शेवटच्या पायरीवरून धर्माचा निकाल लावू नये, हे त्यांचे म्हणणे रास्त आहे. २००८ मध्ये व्हॅटिकन वेधशाळेचे तेव्हाचे संचालक होसे गाब्रिएल फुनेस यांनी परग्रहावरील जीव श्रद्धेला बाधक नाहीत आणि त्यांना बंधू म्हणता येईल, असे व्हॅटिकनच्याच वृत्तपत्रात सांगितले. त्यानंतरच्या वर्षी पोपच्या विज्ञान अकादमीने या विषयावर शास्त्रज्ञांची परिषद भरवली. ब्रूनोला जाळणाऱ्या संस्थेचा हा प्रवास दखल घेण्याजोगा आहे, आणि त्यासाठी तिला आपला गाभा सोडावा लागला नाही, हेही नोंदवले पाहिजे.

ताऱ्यांभोवती ग्रह अगणित असल्यामुळे माणूस क्षुद्र ठरतो, हे म्हणणे चूक आहे. पृथ्वीवरच जीवसृष्टी सापडली म्हणून तो सृष्टीचा हेतू ठरतो, हे म्हणणेही तितकेच चूक आहे. दोन्हींत मोजणीवर मूल्याचे ओझे लादले आहे, आणि ते मोजणीला पेलणारे नाही. उद्या एखाद्या ग्रहावर जीव सापडले तर बदल होईल तो एवढा: ज्या श्रद्धा विश्वाविषयी विधाने करतात त्यांना ती तपासून घ्यावी लागतील, आणि ज्या आचरणाविषयी बोलतात त्यांचे काम पूर्वीइतकेच राहील. त्या दिवसाला अजून बराच अवकाश असावा, कारण सूर्यासारख्या ताऱ्याभोवती वर्षभराच्या कक्षेत फिरणारा आणि आकार, वस्तुमान दोन्ही मोजून झालेला पृथ्वीएवढा एकही ग्रह आजवर हाती लागलेला नाही. युरोपीय अवकाश संस्थेची २६ कॅमेऱ्यांची प्लेटो ही मोहीम नेमके तेच ग्रह शोधण्यासाठी आखलेली आहे.